खुबानीचं बोरकूट

बाई, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी सिरोंच्याला रिकामा डबा घेऊन पोचलो. ब्रह्मपुरीहून निघताना तो भरलेला होता, एवढं मंदा शपथेवर सांगेल. मधे काय झालं ते तुलाच सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते आधी हसतात, मग त्यांना आठवतं की या माणसाची बहीण गेली आहे, आणि ते घाईघाईनं तोंड पाडतात. तू तोंड पाडलं नसतंस. माझी बायको असूनही मंदा हसून घेते आणि तोंडही पाडत नाही, पण तिनं डब्याची सगळी गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, की अशीच होणार.

आता पहिली अडचण. आपल्यात आत्मा मानत नाहीत. भन्तेजींनी त्या दिवशीही समजावलं, की विझलेली ज्योत कुठं गेली हे विचारण्यात अर्थ नाही. मी मान हलवली. मला पटलंही. आणि मान हलवता हलवताच मनात म्हणालो, बाई, ऐकून राह्यली ना? तेव्हा मी हे कुणाशी बोलतो आहे, हे मला विचारू नकोस. मला काही कळेनासं झालं आहे, आणि तुझ्या मते ते मला आधीही फारसं कळत नव्हतंच.

तुझं लग्न होऊन तू सिरोंच्याला गेलीस तेव्हा मला वाटायचं, आता बाईला जगाच्या टोकाला नेऊन सोडलं. दिवसभर गाडीत आदळत जायचं, आलापल्लीच्या पुढं तर सागवानाशिवाय काही दिसायचं नाही, आणि शेवटी गाव संपलं की गोदावरी, आणि गोदावरीच्या पलीकडं सगळं तेलुगूत. तू मात्र वर्षाच्या आत तेलुगूत भांडायला शिकलीस. भाऊजींबरोबर नावेत बसून पलीकडच्या बाजारात जायचीस. तिकडच्याच कुठल्याशा लग्नात तू ती खुबानी, म्हणजे वाळलेल्या जर्दाळूंचं ते पाकातलं गोड, खाल्लीस, आणि पंगत सोडून सरळ स्वयंपाक चालला होता तिथं गेलीस. कोण कुठली ती स्वयंपाकीण, तिच्या मागं मागं फिरलीस, आणि सगळं विचारून घेऊनच घरी आलीस. तुला विचारायची लाज नव्हती. तुझ्यात आणि माझ्यात हाच काय तो फरक होता, बाकी नाक दोघांचंही सारखंच.

मग तू एक पिशवी गाडीच्या कंडक्टरच्या हाती ब्रह्मपुरीला पाठवलीस. मंदा तेव्हा नवी नवरी. पिशवी उघडली तर आत तपकिरी, सुरकुतलेली, गोट्यांसारखी कडक फळं, प्रत्येकात बी. आपल्या झाडीपट्टीत जन्मलेल्या माणसानं अशी वस्तू पाहिली तर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येते, वाळलेली बोरं. जरा मोठी होती खरी. मी मंदाला सांगितलं, सिरोंच्याकडं बोरं मोठीच होतात, गोदावरीचं पाणी आहे ना. तेव्हा ती माझ्यावर विश्वास ठेवायची.

वाळलेल्या बोरांचं काय करतात, हे कुणाला विचारावं लागत नाही. आम्ही ती उखळात ओतली. मीठ, तिखट, जिरं, जरासा गूळ. मी मुसळ घेतलं. पहिल्या घावालाच मुसळ उसळून वर आलं आणि खालून असा आवाज आला, की शेजारची बाई बाहेर येऊन बघायला लागली. बोराची बी असा आवाज करत नाही. तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्याजवळ उत्तर तयार होतं, गोदावरीचं पाणी. कुटून कुटून हाताला फोड आले. मंदानं चाळून चाळून बियांचे कपचे काढले, तरी एक राहिलाच, आणि तो नेमका तिच्या बाबांच्या दाढेखाली आला. त्यांनी जाईपर्यंत त्या बाजूनं जपूनच चावलं आणि मला कधी काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

बुद्धपौर्णिमेला तू आलीस आणि आल्या आल्या विचारलंस, खुबानी कशी झाली. मंदानं मोठ्या अभिमानानं बोरकुटाची बरणी पुढं केली. तू चिमूटभर तळहातावर घेतलंस, चाटलंस, आणि माझ्याकडं बघत राहिलीस.

"काऊन रे लहान्या, विचाराले तोंड नाई का तुले?"

आणि मग तू जी हसायला लागलीस ती हसत हसत ओट्यावरच बसलीस.

त्यानंतर तू पिशवी पाठवणं बंद केलंस. दर बुद्धपौर्णिमेला स्वतः घेऊन यायचीस आणि आमच्या चुलीवर स्वतः करायचीस. मला काम दिलंस बिया फोडायचं. भिजलेल्या फळातून काढलेली बी पाट्यावर धरायची, वरवंट्यानं बेतानं टिचवायची, आतला बदामासारखा गर सालासकट आख्खा काढायचा, एखादा चाखायचा, कडू निघाला तर टाकायचा. तू म्हणायचीस, फोडाफोडीचं काम याले बराबर जमते. आणि पाहुणा कुणीही येवो, ताटात खुबानी पडायच्या आधी त्याच्या कानात बोरकुटाची गोष्ट पडायची. गोष्ट दरवर्षी वाढत गेली. शेवटी शेवटी त्यात माझ्या सासऱ्यांचे सगळे दात पडले होते आणि उखळाला तडा गेला होता. मी सगळ्यांबरोबर हसायचो. माझं काय जात होतं.

आपलं भांडण होतं ते वेगळंच. मी म्हणायचो, बुद्धपौर्णिमेला खीर हवी, सुजातेनं बुद्धाला खीर दिली होती, खुबानी कुठून आली मधेच? तू पळी हातात धरून म्हणायचीस, सुजातेजवळ खुबानी असती तर तिनं तेच देल्लं असतं, तिले का खिरीची हौस होती? एकदा विहारात मी हे वाक्य माझंच म्हणून सांगितलं आणि लोक खूश झाले. पण भांडण मी सोडलं नाही, कारण भांडण सोडलं तर खुबानी चांगली होते असं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी तिला बाईचं औषध म्हणायचो आणि औषध म्हणून वाटीवर वाटी घ्यायचो. चांगली झाली असं एकदाही म्हणालो नाही. तुला ते कळत होतं असं मला वाटतं. वाटतं, एवढंच. हेही विचारायचं राहिलं.

होळीच्या आसपास तुझा फोन आला. गुडघे दुखतात, इतक्या लांब गाडीत बसवत नाही, वगैरे. मग म्हणालीस, "या पौर्णिमेले तू कर. मी नुसती बसून खाईन."

मी म्हणालो, त्यात काय, करतो.

"कसं कराचं थे विचार ना मंग."

"इतकी वर्षं बिया फोडल्या, मले माहीत नाई का?"

"बरं," तू म्हणालीस. "विचारशीन तवा सांगीन."

मग आपण तुझ्या विकासच्या नव्या गाडीबद्दल बोललो, आणि तिकडं ऊन किती आहे, आणि इकडं किती आहे. तुझ्या उन्हापेक्षा माझं ऊन कसं जास्त आहे हे मी तुला पटवत होतो. मला काय माहीत, बाई. माहीत असतं तर भिजवणीच्या पाण्याचं तरी विचारलं असतं.

विकासचा फोन आला तेव्हा मी आधी त्यालाच रागावलो, की काहीतरी काय बोलतोस. तू दुपारी जेवून पडलीस ती उठलीच नाहीस. आम्ही पोचलो. तो दिवस मला सलग आठवत नाही. तुझी एक चप्पल अंगणात उलटी पडली होती, ती मी सरळ केली, मग परत जाऊन बघितलं की सरळच आहे ना, एवढं आठवतं. संध्याकाळी बसून लोक पुण्यानुमोदनाचं ठरवत होते, जेवणात काय, गोड काय. माझ्या तोंडातून निघून गेलं, खुबानी मी आणतो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. विकास म्हणाला, मामा, तुम्हाला येते? तुझा मुलगा आहे, तोही विचारून घेतो. मी म्हणालो, तिनंच मला करायला सांगितली आहे. हे खोटं नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, तू माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट आहे, ती झाली तर तू बसून खाल्लीस असं होईल, आणि नाही झाली तर मी तुला उपाशी परत पाठवलं असं होईल. असं काही होत नाही, हे भन्तेजींनी नंतर सांगितलंच.

ब्रह्मपुरीच्या दुकानात मागितली तर त्यानं नारिंगी रंगाची, गुबगुबीत, मऊ फळं दिली. मी आनंदानं आणली. शिजवली तर त्यांचा लगदा झाला, आणि मी पाटा-वरवंटा मांडून बियांची वाट बघत बसलो. बियाच नव्हत्या. मंदानं चाखून सांगितलं, पपईचा मुरब्बा म्हणून चालेल. मग चंद्रपूरला गेलो. तिथंही जिथं जावं तिथं तीच नारिंगी, बिनबियांची. एक दुकानदार तर म्हणाला, बीवाली कोण खाते आता, दात कोणाचे शिल्लक आहेत? मी त्याला सासऱ्यांबद्दल सांगणार होतो. शेवटी एका जुन्या दुकानात म्हाताऱ्यानं चष्मा वर करून विचारलं, "बीवाली? औषधाले पाहिजे का भाऊ?"

मी हो म्हणालो. तो फळीखालून पोतं ओढेपर्यंत मी दुसरीकडं बघत होतो. पोत्यातली फळं तीच, तपकिरी, सुरकुतलेली, कडक. मी एक कानाजवळ नेऊन हलवलं. आत बी खुळखुळली. हवी होती त्याच्या दुप्पट घेतली, कारण एक खेप बिघडणार हे मलाही माहीत होतं.

रात्रभर भिजत घातली, सकाळी बघितलं तर अजून कडकच. आणखी एक दिवस ठेवली. पाण्यावर फेस आला. मंदा म्हणाली, फेका. मी म्हणालो, थांब. कारण आता खरा प्रश्न आला होता. हे भिजवणीचं पाणी तू टाकायचीस, की त्यातच शिजवायचीस?

मी डोळे मिटून आठवायला बसलो, बाई. तू चुलीपाशी. मी खाली पाट्यापाशी. दरवर्षी माझी जागा तीच, चुलीकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड. त्या भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा मला आजही काढून दाखवता येईल. तू कुणाकुणाला शिव्या घातल्यास ते आठवतं. बांगड्या पातेल्याला लागायच्या तो आवाज आठवतो. साखर कमी पडली की तू जिभेनं च् करायचीस तेही आठवतं. पण पाण्याचं काय केलंस? ते सगळं माझ्या पाठीमागं झालं. इतकी वर्षं मी तुझ्या खुबानीच्या इतका जवळ बसलो होतो, आणि एकदाही वळून बघितलं नाही.

पाणी गाळून बाजूला ठेवलं. साध्या पाण्यात शिजवली, साखर घातली. दाट झाली, रंगही तसाच आला, मंदानंही मान डोलावली. तिथंच थांबायला हवं होतं. पण डबा भरताना मला वाटलं, पाणी तू टाकत नसशील. तू काहीच टाकायची नाहीस, भाजीचे देठसुद्धा. म्हणून ते कच्चं, फेसाळ पाणी मी वरून ओतलं, ढवळलं, झाकण घट्ट दाबलं आणि गाडीत बसलो.

तुझा जिल्हा म्हणजे दारूबंदीचा, आणि एप्रिल म्हणजे मोहाच्या फुलांचा. अशा दिवसांत, अशा उन्हात, मांडीवर घट्ट झाकणाचा डबा घेऊन बसलेला माणूस. दुपारपर्यंत झाकण फुगून वर आलं. गाडीत वास सुटला, आंबूस, गोड, ओळखीचा. पुढचा माणूस वळून माझ्याकडं बघून हसला, तो का हसतो आहे ते न कळता मीही हसलो. आलापल्लीच्या स्टॅंडवर झाकण उडालं. फेस माझ्या पांढऱ्या शर्टावर, शेजारच्या म्हाताऱ्याच्या पिशवीवर. कंडक्टर आला, वाकला, वास घेतला.

मी म्हणालो, "साहेब, खुबानी आहे. बहिणीच्या पुण्यानुमोदनाची."

तो म्हणाला, "भाऊ, पंचशील घेतलेले दिसता. काऊन असं करता?"

पिशवीवाल्या म्हाताऱ्यानं माझी बाजू घेतली. तो म्हणाला, जाऊ द्या, दुःखात माणूस घेते. बाई, जन्मात जिला शिवलो नाही ती दारू तुझ्यासाठी माझ्या नावावर लागली. उतरलो, स्टॅंडच्या मागं गेलो, आणि तुझी खुबानी झाडाच्या बुंध्याशी ओतली. वर बघितलं तर झाड मोहाचंच. गाडी हॉर्न देत होती आणि मी रिकामा डबा बोटानं पुसून चाटून बघत होतो, की चव तरी बरोबर आली होती का. कळलं नाही. नुसतं आंबट.

सिरोंच्याला मंडपात तुझा फोटो होता, पुढं मेणबत्त्या. मी डबा फोटोमागं ठेवला, का ते माहीत नाही. वंदना झाली. विकासनं शर्टावरचा डाग बघून पाण्याची बादली दाखवली. गोड म्हणून बुंदी आणली होती त्यांनी. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता हे बघून मला इतकं बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर तुझ्या शेजारची लक्ष्मीअक्का माझ्याजवळ येऊन बसली. तुझी भांडणाची तेलुगू जिच्यावर पक्की झाली तीच; तुलाही ती अक्काच म्हणायची. मी आधीच सांगून टाकलं, अक्का, खुबानी गाडीत नासली. ती म्हणाली, ते जाऊ दे भैया, खुबानी आमच्याकडं लग्नात भेटते.

"पर ते दुसरा आणला का? तिखटवाला?"

मला कळेना. ती हातानं कुटायची खूण करत राहिली. "नमक, मिरची, जिरा. खुबानीचा पावडर. अक्का हर संक्रांतीले कुटायची, पूरी गल्लीले वाटायची. बोलायची, हे आमच्या माहेरची रीत हाये. माझ्या भावाच्या घरी असंच करते."

ती सांगत होती, आता या गल्लीतल्या सगळ्या बाया करतात. सुना शिकल्या. एकीच्या मुलीचं लग्न नदीपलीकडं झालं, तर ती तिकडंही करते, ब्रह्मपुरीचं म्हणून.

बाई, हे काय केलंस तू? आमच्या घरी, माझ्या ओट्यावर, माझ्या पाहुण्यांपुढं तू माझं हसं केलंस, आणि तुझ्या घरी त्याची रीत केलीस. माझी फजिती झाकत होतीस की मिरवत होतीस? की तुला ते खरंच आवडलं होतं? आणि आवडलं होतं तर मला कधी म्हणाली का नाहीस? हे सांगता सांगता कळतं आहे, की खुबानीबद्दल मीही कधी म्हणालो नाही. म्हणजे आपण दोघंही तसेच. की तू वेगळ्या कारणानं? मी मंदाला विचारलं, ती म्हणाली, तुमच्या बहीणभावाचं मला कधी कळलं नाही.

अक्काला खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. की अहो, ती रीत नाही, ती माझी चूक आहे. पण त्याआधीच ती पुढं सरकली आणि आवाज खाली करून म्हणाली, "भैया, तुम्हीच सांगा. घर तुमचं, रीत तुमची. त्यात बी काढाचं का ठेवाचं? अक्का एक बरस काढायची, एक बरस आतला गर संगच कुटायची. आमच्यात त्याच्यावरून झगडा हाये."

दोन-तीन बाया जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना उत्तर हवं होतं. मी त्या रीतीचा मूळ पुरुष होतो, आणि मला माहीत नव्हतं. नेहमीप्रमाणं काहीतरी ठोकून द्यावं असं तोंडाशी आलं होतं, गोदावरीचं पाणी वगैरे. पण निघालं दुसरंच.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

आणि मग मलाच ऐकू आलं मी काय म्हणालो ते. अक्कालाही आलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. बाया हळूहळू पांगल्या.

आता पौर्णिमा तोंडावर आहे. चंद्रपूरहून दुप्पट आणलेल्यातली उरलेली पिशवी माझ्यासमोर आहे. मंदानं उखळ धुवून उन्हात ठेवलं होतं, ते आत आणलं. तडा गेलेला नाही, हे तुला सांगून ठेवतो. मीठ, तिखट, जिरं, गूळ, सगळं काढून ठेवलं आहे. या खेपेला मी भिंतीकडं पाठ करून बसलो आहे, चुलीकडं तोंड. मंदानं दोनदा विचारलं, कशाची वाट बघता, कुटा की. मुसळ हातात आहे.

कुटलं असतं, बाई. पण तू म्हणाली होतीस, विचारशीन तवा सांगीन.

तर विचारतो. बी काढू, की राहू देऊ?